वाचक विचारतात

प्रश्न : मुलं ६, ९ आणि १३ वर्षांची, तिघंही घरीच शिकतात. मराठी लेखनासाठी तीन वेगळे अभ्यासक्रम घ्यावेत का?

उत्तर : नको. तीन संच घेतले की महिन्याभरात दोन धूळ खातात. विषय एकच ठेवा, उदाहरणार्थ ‘आजचा बाजार’, आणि अपेक्षा वेगळी.

धाकट्याने तोंडी सांगावं, तुम्ही लिहावं. त्यातलं एकच वाक्य त्याने दुरेघी वहीत उतरवावं. दहा मिनिटं पुरेत. अक्षरं ‘ग, म, भ, न’ अशी वळणाच्या गटांनी घ्या. ‘अ’पासून सुरुवात केली की हात अडतो.

मधल्याला रोज पाच ओळींचं श्रुतलेखन द्या. नंतर सगळ्या चुकांवर लाल रेघा ओढू नका, मूल लिहायचंच थांबतं. आठवड्याला एकच नियम घ्या : शेवट दीर्घ झाला की आधीचा इकार ऱ्हस्व, म्हणून ‘गरीब’ पण ‘गरिबी’.

मोठ्याने आज कच्चा मसुदा लिहावा, उद्या तो मोठ्या आवाजात वाचून दुरुस्त करावा. पत्र, बातमी, सारांशलेखन यांसाठी बालभारतीची पुस्तकं पुरेशी आहेत. संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात. पुढे मुक्त विद्यालयातून दहावी द्यायची असेल, तर वेळ लावून लिहिण्याचा सराव मात्र आत्ताच सुरू करा.