वाचकांचे प्रश्न : बुलेझ यांची ‘अँसीझ’ वाजवताना

प्रश्न : फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांच्या ‘अँसीझ’ या एकल पियानोरचनेच्या दोन आवृत्त्या दिसतात. कोणती बसवावी?

उत्तर : मिलानच्या उम्बेर्तो मिकेली पियानो स्पर्धेसाठी १९९४ साली लिहिलेली मूळ रचना जेमतेम चार मिनिटांची आहे. २००१च्या आवृत्तीत पुढे मोठा भाग जोडला गेला आणि ती दहा मिनिटांच्या आसपास गेली. स्पर्धेत वाजवणार असाल, तर नियमावलीत साल दिलंय का ते आधी बघा; नसेल तर आयोजकांना विचारा. निवड तुमच्याकडे असेल, तर २००१ची घ्या. विझत जाणारा नाद ऐकत थांबण्याचं काम त्या वाढीव भागात आहे, आणि आमच्या मते ते नुसत्या वेगाहून अवघड.

प्रश्न : प्रेस्तिसिमोमध्ये (अतिशय वेगवान भागात) एकाच पट्टीवर भराभर येणाऱ्या सुरांतले मधले गळतात. घरी उभा पियानो आहे. दोष हाताचा की वाद्याचा?

उत्तर : आधी वाद्याकडे बघा. उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा उडत नाही. ग्रँडमध्ये (आडव्या, मोठ्या पियानोत) ती अडचण वाद्यनिर्माते सेबास्तियाँ एरार यांच्या १८२१च्या दुहेरी एस्केपमेंटने, म्हणजे हातोडी लगेच पुन्हा उडवणाऱ्या यंत्रणेने सोडवली. तिथे पट्टी थोडी वर आली तरी पुढचा ठोका तयार असतो. म्हणून शेवटचा सराव ग्रँडवरच करा. तिथेही सूर गळले, तर पट्टी मध्यम जोराने वाजवून दाबून धरा आणि अगदी किंचित सोडा. हातोडी संथपणे वर यायला हवी. जागेवरच राहिली तर रिपिटिशन स्प्रिंग (हातोडीला पुढच्या ठोक्यासाठी उचलणारी) ढिली, उसळली तर जास्त ताठ. ते काम तंत्रज्ञाचं.

आता हात. एकाच बोटाने ठोकू नका. ३-२-१ किंवा ४-३-२-१ (अंगठा म्हणजे १) असं फिरवा आणि प्रत्येक बोट तळहाताकडे पुसल्यासारखं ओढा, म्हणजे पुढच्याला जागा मोकळी होते. सूर गळतो तो बहुतेक वेळा मागचं बोट उशिरा सुटल्यामुळे. म्हणून गळू लागला की जोर वाढवायचा, हा मोह टाळा: बोट तळाशी रुतून बसतं आणि पट्टी आणखी उशिरा परतते. मेट्रोनोम ६०वर ठेवून ठोक्याला चार सूर, तेही पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू आवाजात. एकही गळला नाही, तरच वेग वाढवा.

प्रश्न : खालचे सूर धरून वर तुटक वाजवायचं असतं, पण मधलं पेडल दाबलं की सगळंच धूसर होतं.

उत्तर : क्रम चुकतोय. दाबण्याच्या क्षणी जे डॅम्पर (तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या) उचललेले असतील, तेवढेच हे पेडल धरून ठेवतं. उजवं पेडल तेव्हा खाली असेल, तर सगळेच डॅम्पर अडकतात. म्हणून उजवा पाय पूर्ण वर, पट्ट्या तळापर्यंत खाली, मग डाव्या पायाने मधलं पेडल, आणि शेवटी हात सोडायचे. पट्टी अर्धवट दाबलेली असली तर तिचा डॅम्पर पकडीत येत नाही. बऱ्याच उभ्या पियानोंत मधलं पेडल फक्त आवाज दाबणारं फेल्ट खाली आणतं, तिथे याचा सराव होणारच नाही.

प्रश्न : पाठांतर टिकत नाही.

उत्तर : स्विस वाद्यवृंद-संचालक पाउल साखेर (Sacher) यांच्या आडनावाच्या अक्षरांतून निघणारे सहा सूर आधी बोटांत बसवा : ई-फ्लॅट, ए, सी, बी, ई, डी. हा संच रचनेच्या मुळाशी आहे. छापील प्रतीवर तो जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पाठ म्हणताना एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतच वाजवा, मग तेच तुकडे उलट्या क्रमाने.