कानाच्या ऑपरेशनआधी

ताई, ऐकू कमी येतं, बाळ लहान आहे, तर कानाचं ऑपरेशन करू का, असं विचारलंत. घाई करू नका. कानातलं स्टेपीजचं हाड, म्हणजे आवाज आत पोचवणारं इवलंसं हाड, जखडलं असेल तर तिथे बारीक पिस्टन, म्हणजे कृत्रिम दांडी, बसवतात. बहुतेकांना ऐकू येण्यात फरक पडतो, पण शंभरात एखाद्याचं त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. म्हणून आधी जास्त खराब कानाचंच करतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी करून घ्या, हिअरिंग एडही लावून बघा.

ऑपरेशननंतर काही आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणजे बाळालाही नाही! मला हेच फार जड गेलं. लेक दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची. घरचं कुणीतरी आधीच बोलावून ठेवा.

आणि रात्री रडणं ऐकू येणार नाही अशी भीती वाटत असेल तर बाळाच्या पोटावर हात ठेवून झोपा. रडणं हाताला कळतं. चांगला कान मात्र उशीत दाबू नका.