‘झील म्हणता म्हागाची घाल’

“मॅडम, पैशाचा विचार करू नका. बाबांना सगळ्यात चांगली लेन्स टाका.”

भांडुपहून मुलाचा फोन. समोरच्या खुर्चीत बाबा, मालवणकडचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, वय अडुसष्ट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. मी हो-नाही काही बोलायच्या आत काकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “झील म्हणता म्हागाची घाल. बाय, तू काय म्हणतंस?”

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर तपासतात, मशीन डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून लेन्सचा नंबर काढतं. या दोघांच्या मधे कुठली लेन्स घालायची हे माणसांना समजावण्याचा जो अर्धा तास उरतो, तो माझा. त्या अर्ध्या तासात दरपत्रक टेबलावर असतं आणि माणसं ते खानावळीच्या फळ्यासारखं वाचतात: साधी थाळी, स्पेशल थाळी, डिलक्स. खाली काही शे रुपयांची कडक लेन्स, वर हजारांच्या घरातल्या घडीच्या लेन्स, सगळ्यात वर मल्टीफोकल. वरची ती चांगली, हे गृहीतच. दरपत्रक तसं छापणाऱ्या आमचीही त्यात चूक आहे.

मुलाच्या बोलण्यातला खरा काटा जरा उशिरा बाहेर आला. शेजारच्या घरात मुलाने वडिलांना ‘साठ हजारांची’ घातली होती. आपण साधी घातली, तर गाव म्हणणार, मुंबईत नोकरीला आहे आणि बापाच्या डोळ्यांवर पैसे वाचवले. शिवाय स्वस्तातली लेन्स दहा वर्षांनी खराब झाली तर? हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो.

लेन्स झिजत नाही, हे आधी सांगून टाकलं. 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती अॅक्रेलिक प्लास्टिकची. युद्धात विमानाच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा ते तुकडे मुकाट सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आजच्या बहुतेक घडीच्या लेन्स त्याच जातकुळीच्या. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं, तर सहसा ती लेन्स खराब झालेली नसते. ज्या पिशवीत ती बसवलेली असते, त्या पिशवीचा मागचा पडदा दाटतो. लेसरने काही मिनिटांत त्याला खिडकी पाडता येते. महागड्या लेन्समागेही हे होऊ शकतं. कडक आणि घडीच्या लेन्समधला मोठा फरक छेदाचा: कडक लेन्स आत जायला सहा मिलिमीटरच्या आसपास वाट लागते, घडीची दुमडून तीनपेक्षा कमी मिलिमीटरमधून जाते, म्हणून डोळा लवकर सावरतो. काकांना घडीचीच घालायची, यावर तिघांचंही लगेच एकमत झालं. प्रश्न उरला मोनोफोकल की मल्टीफोकल.

तिथे मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. “काका, पंधरा दिवसांपूर्वीचा एक दिवस आठवा. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?”

काका हसले. त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. उन्हं कलली की होडी बाहेर, जाळी टाकायची, रात्र पाण्यावर, आणि उजाडायच्या आधी परत. मालवणच्या बंदरात शिरताना पाण्यातले खडक चुकवावे लागतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. काकांची खूण म्हणजे किनाऱ्यावरचे दिवे. अमुक दिवा तमक्या दिव्याच्या सरळ रेषेत आला की होडी वळवायची. दुपारी झोप, मग पडवीत बसून जाळं शिवणं. मोबाइल फक्त मुलाचा फोन घ्यायला.

मल्टीफोकल लेन्सवर गोल कडी असतात. डोळ्यात येणारा उजेड ती लांबच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देते, म्हणून बऱ्याच जणांचा चष्मा जवळजवळ सुटतो. पण वाटणी म्हटली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं कमी येणार. अंधुक उजेडात काळ्यावर करडं ओळखणं जड जातं आणि रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात. बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते, काहींना होत नाही. मोनोफोकल एकाच अंतराला बसवतात, बहुधा लांबच्या. नजर स्वच्छ मिळते; वाचायला चष्मा लागतो.

मी हे आज इतक्या ठामपणे सांगते, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक टॅक्सीवाले आले होते. चष्म्याला कंटाळलेले. मी ‘चष्मा जाईल’ एवढंच रंगवून सांगितलं. गाडी कधी चालवता, हे विचारलंच नाही. ते फोंडा घाटातून रात्रीची भाडी करायचे. ऑपरेशन उत्तम झालं, तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी वाचली, आणि तीन आठवड्यांनी येऊन म्हणाले, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. सहा महिन्यांत बरंच कमी झालं, पण रात्रीची भाडी त्यांनी पुतण्याकडे दिली ती दिलीच. लेन्स काढून बदलता येते, पण ते दुसरं ऑपरेशन, आणि जितका उशीर तितकं अवघड. त्यांनी ते टाळलं. मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

म्हणून मल्टीफोकल वाईट, असं नाही. कणकवलीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना तीच घातली. दिवसभर सुई, टेप, गिऱ्हाइकाचा चेहरा, रात्री घराबाहेर पडणं नाही, डोळ्याच्या तळाचा पडदा (रेटिना) निरोगी. त्या खूश आहेत. मधुमेहाने पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा काचबिंदूने नजर गेलेली असेल, तर मात्र डॉक्टर सहसा मल्टीफोकलच्या वाटेला जात नाहीत. आणि बुबुळाचा बाक तिरका असेल तर तो तिरकेपणा भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सचा विचार करावा लागतो. तिथे जास्त पैसे मोजण्यात अर्थ असतो.

काकांचा पडदा चांगला होता, बाकही बेताचा. म्हणजे वैद्यकीय अडचण काहीच नाही. मुलाने हट्ट धरला असता तर मल्टीफोकल घालता आलीच असती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि काकांना दोन्हींकडून काय मिळेल, काय जाईल ते पुन्हा सांगितलं. ते मधेच म्हणाले, “चष्मो लागलो तर लागांदे. पण दिव्याचो गोळो माका नको.”

“बाबा, जाळं शिवताना त्रास होईल,” मुलगा तिकडून.

“जाळा काय डोळ्यान शिवतत? हातान शिवतत.”

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग मुलाने हळूच विचारलं, “मॅडम, तुमच्या वडिलांना तुम्ही हीच घातली असती?” माझे वडील शेतकरी, रात्री आठला झोपणारे, त्यांना कदाचित वेगळी घातली असती, असं मी खरं तेच सांगितलं. त्यावर तो मोकळेपणाने हसला.

पावसात ऑपरेशन नको, ही घरातल्या म्हाताऱ्यांची एक अट होती. छेद लहान झाल्यापासून त्या अटीत फारसा अर्थ उरलेला नाही. थेंब वेळेवर घालायचे, डोळ्यात पाणी-धूळ जाऊ द्यायची नाही, वजन उचलायचं नाही, एवढं पाळलं की कुठलाही महिना चालतो. उलट 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते. काकांना होडी ओढायचा मोह होऊ नये, यासाठी याहून बरा काळ कुठला? जूनच्या पहिल्या आठवड्यात एक डोळा केला, तीन आठवड्यांनी दुसरा.

नारळी पौर्णिमेनंतर काकांचा पुतण्या बांगडे घेऊन दवाखान्यात आला. निरोप होता: दिवे पूर्वीसारखे एकेक दिसतात, पण वाचायचे दोन चष्मे समुद्रात गेले, नंबर पुन्हा लिहून द्या. तिसऱ्याला म्हणे जाळ्याचा दोरा बांधणार आहेत.