खंड इतके हळू सरकतात, मग त्याने हवामान आणि प्राणी कसे बदलतील?

वेग बघू नका, वाटा बघा. वर्षाला काही सेंटिमीटर सरकूनही एक दिवस दोन खंडांमधली समुद्राची वाट उघडते किंवा बुजते, आणि तिथून सगळं फिरतं.

नेमक्या याच मुद्द्यावर भूशास्त्राच्या तोंडी परीक्षेत माझं बाहेरून आलेल्या परीक्षकांशी वाजलं होतं. अंटार्क्टिकावर बर्फ का, असं त्यांनी विचारलं. मी दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीपासून सुरुवात केली तर मध्येच तोडलं: "ध्रुवावर आहे म्हणून. पुढे." मी म्हटलं, सर, डायनोसॉरच्या काळातही तो खंड ध्रुवाजवळच होता आणि तिथे जंगलं होती. मग कांगारूंचा विषय काढला, तर म्हणाले, "इथे जीवशास्त्र आणू नका." गुण कापले. तो राग अजून गेलेला नाही.

कारण घडलं ते असं. ऑस्ट्रेलिया उत्तरेकडे निसटला, दक्षिण अमेरिकेचं टोक सुटलं, आणि अंटार्क्टिकाला पूर्ण वळसा घालणाऱ्या समुद्रप्रवाहाला वाट मिळाली. उत्तरेचं उबदार पाणी अडलं. सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वी तिथे बर्फाचा मोठा थर धरला. त्याआधी, खंड जोडलेले असताना, कांगारूंचे पूर्वज दक्षिण अमेरिकेकडून याच हिरव्या अंटार्क्टिकावरून ऑस्ट्रेलियात पोचले होते. 1982 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावरून पिशवीवाल्या प्राण्याचे जीवाश्म जाहीर झाले, तेव्हा या वाटेचा पुरावाच हाती आला. हे जीवशास्त्र वगळून कसं सांगायचं?

उत्तर आणि दक्षिण अमेरिका जिथे जुळतात त्या पनामात उलटं झालं. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी जमीन जुळली, उंटाच्या नात्यातल्या लामा प्राण्यांचे पूर्वज दक्षिणेत उतरले, अंगावर कवच असलेले आर्माडिलो उत्तरेत चढले. समुद्रातल्या जीवांची मात्र त्याच जमिनीने ताटातूट केली. दोन्ही किनाऱ्यांवर कोळंबीसारख्या जीवांच्या जवळच्या नात्यातल्या जाती आज वेगवेगळ्या नांदतात.

वेगेनरने 1912 मध्ये खंड सरकतात असं मांडलं, तोही हवामानशास्त्रज्ञच होता. बाहेरचा माणूस म्हणूनही भूशास्त्रज्ञांनी त्याला झिडकारलं. ही वृत्ती जुनीच आहे.

एक सांगायला हवं: अंटार्क्टिकावर बर्फ धरला त्याच सुमारास हवेतला कार्बन डायऑक्साइडही घटत होता, आणि बर्फ धरण्याचं मुख्य कारण तेच, असं अनेक अभ्यासक मानतात. पण तेही "ध्रुवावर आहे म्हणून" एवढ्यावर थांबत नाहीत. तुम्हाला कुणी तसं उत्तर दिलं तर सरळ विचारा, मग 9 कोटी वर्षांपूर्वी तिथे झाडं कशी होती?