विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठ्यपुस्तकांखेरीज काय काय असतं, आणि ते शोधूनही सापडत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाच्या ग्रंथालयात लाखो ग्रंथ आहेत म्हणतात, पण कॅटलॉगमध्ये विषय टाकला की जेमतेम वीस-पंचवीस पुस्तकं येतात, त्यातली निम्मी पाठ्यपुस्तकं. मग बाकीचं अभ्यासाचं साहित्य असतं तरी कुठे आणि कसलं?

असतं तिथेच. अडचण अशी की कॅटलॉग साधारणपणे पुस्तकाच्या कण्यावर जे छापलंय तेवढंच जाणतो. आतले वीस लेख कोणाचे, कशावर, हे त्याच्या नोंदीत बहुतेकदा नसतं. आणि संशोधनाचं बरंचसं लेखन लेखांच्या रूपात असतं, अख्ख्या पुस्तकाच्या नाही. म्हणून विषय टाकून शोधण्याआधी आपल्याला कोणत्या प्रकारचं लेखन हवंय ते ठरवा. प्रत्येक प्रकाराची जागा वेगळी आणि सापडण्याची वाटही वेगळी.

सगळ्यात मोठा साठा नियतकालिकांचा. विद्वानांसाठीची पहिली नियतकालिकं 1665 साली पॅरिस आणि लंडनमध्ये दोन महिन्यांच्या अंतराने निघाली, आणि तेव्हापासून नवं संशोधन आधी तिथे येतं, पुस्तकात मागाहून. कॅटलॉगमध्ये नियतकालिकाची नोंद एकच असते आणि तिच्याखाली ‘1–14, 16–31 (1948–1978)’ अशी एक ओळ. ती ओळ नीट वाचा. इथे खंड 15, म्हणजे 1962 चे अंक, ग्रंथालयाकडे नाहीत. 1978 नंतर वर्गणी थांबली असावी किंवा नाव बदललं असावं. शेवटी नुसती आडवी रेघ असेल, ‘32–’ अशी, तर अंक अजून येत आहेत. नाव बदललं की आठ अंकी आयएसएसएनही (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) बदलतो आणि नव्या नावाची नोंद वेगळी होते. जुन्या नावाखाली शोधणाऱ्याला वाटतं, नियतकालिक बंद पडलं. नोंदीत ‘पूर्वीचे नाव’, ‘नंतरचे नाव’ असे दुवे असतात, ते पाहिल्याशिवाय हात टेकू नका.

वर्षाचे अंक एकत्र बांधून बांधीव खंड होतो. बऱ्याच नियतकालिकांत पानांचे आकडे वर्षभर सलग चालतात, त्यामुळे खंड आणि पान माहीत असेल तर अंकाचा क्रमांक नसला तरी भागतं. प्रत्येक अंक पान 1 पासून सुरू होत असेल तर मात्र तो हवाच, नाहीतर एकाच खंडात चार ठिकाणी पान 41 निघतं. वार्षिक सूची बहुधा शेवटच्या अंकासोबत येते. तो अंक हरवला असेल तर सूचीही गेली. बांधणीला गेलेले अंक काही आठवडे कपाटात दिसत नाहीत आणि कॅटलॉग मात्र ‘उपलब्ध’ म्हणत राहतो. आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही: एखादा लेख नंतर मागे घेतला गेला तर बांधीव खंडात त्याची खूण नसते. लेख आधार म्हणून वापरायचा असेल तर त्याचा डीओआय (लेखाचा डिजिटल ओळख क्रमांक, जो 10 ने सुरू होतो) टाकून प्रकाशकाच्या पानावर एकदा खात्री करा.

लेख शोधायला कॅटलॉग नाही, विषयवार निर्देशसूची (कोणता लेख कुठे छापलाय याची यादी) किंवा डेटाबेस वापरायचा, आणि त्यात सापडलेलं नियतकालिकाचं नाव मग कॅटलॉगमध्ये टाकायचं. ही दोन पावलं एकात उरकायला गेलं की शोध फसतो. जेस्टोरसारख्या ऑनलाइन संग्रहात बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात, तेव्हा तिथे नाही म्हणजे छापलाच नाही असं समजू नका.

दुसरी लपलेली खाण म्हणजे संपादित ग्रंथ. त्यातही गौरवग्रंथ, स्मृतिग्रंथ आणि परिसंवादांचे वृत्तांत. माझ्या मते यांच्याइतकं दुर्लक्षित साहित्य ग्रंथालयात दुसरं नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या साठीनिमित्त काढलेल्या गौरवग्रंथात व्याकरणावर एक लेख, नाण्यांवर एक, शेतसाऱ्यावर एक, असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. वर्गांक (कपाटातली जागा ठरवणारा विषयाचा आकडा) मिळतो एकच, आणि तुमचा विषय दुसराच असला तर कपाटाशी उभं राहूनही तो दिसत नाही. इथे पोचायची खात्रीची वाट म्हणजे दुसऱ्यांच्या संदर्भसूची. त्या विषयावरचा ताजा प्रबंध घ्या, शेवटची सूची उघडा, आणि ‘समाविष्ट’ किंवा ‘संपा.’ असा उल्लेख असलेल्या नोंदी वेगळ्या काढा. जुन्या पुस्तिका आणि लेखांच्या सुट्या प्रतींचंही असंच. दहा-बारा पुस्तिका एका बाडात बांधलेल्या असतात आणि नोंद कधी कधी फक्त पहिलीचीच असते.

शोधप्रबंध बहुतेक ठिकाणी वेगळ्या दालनात असतात, विषयवार न लावता वर्षानुसार किंवा दाखल अंकानुसार (ग्रंथालयात आल्याच्या क्रमाने). ते तिथेच बसून वाचायचे असतात आणि काहींवर ठरावीक मुदतीची बंदीही असते. प्रबंधाचा खरा उपयोग म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, संदर्भसूची आणि परिशिष्टं. मूळ प्रश्नावली, कोष्टकं, कागदपत्रांच्या नकला पुढे त्याच प्रबंधाचं पुस्तक होताना गाळल्या जातात. म्हणून पुस्तक हाताशी असलं तरी प्रबंध पाहावा. उलट निष्कर्षांसाठी पुस्तक बरं, कारण मधल्या काळात लेखकाने मत बदललेलं असू शकतं.

चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, हा आणखी निराळा प्रकार. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये 19 खंडांत संपलं, त्यासाठी 1,259 हस्तलिखितं पाहिली गेली. अशा ग्रंथात वर संहिता आणि खाली बारीक टाइपात पाठभेद असतात. प्रत्येक हस्तलिखिताला एक खूण दिलेली असते आणि तिचा खुलासा प्रस्तावनेत असतो. प्रस्तावना न वाचता तळटीपा उघडल्या तर काहीच कळणार नाही.

संदर्भग्रंथ, कोश, वार्षिक आढावे हे पहिल्या दिवशी पाहायचे, त्यावर रेंगाळायचं नाही. संस्थांचे अहवाल, मानकं आणि कार्यपत्रिका (वर्किंग पेपर) यांच्यापैकी कित्येकांना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसतो, म्हणून लेखकाऐवजी संस्थेचं नाव टाकून शोधा. प्रकाशनपूर्व लेख (प्रीप्रिंट) 1991 पासून अर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन संग्रहावर मिळतात, पण ते बहुधा तज्ज्ञांच्या समीक्षेआधीचे असतात हे ध्यानात ठेवा.

आता कपाटांची गोष्ट. ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, एकच विषय अनेक ठिकाणी विखुरतो. पाणीच घ्या: जलविज्ञान 551.48 ला, पाणीपुरवठ्याची अभियांत्रिकी 628.1 ला, आणि साधनसंपत्ती म्हणून पाण्याचं अर्थकारण 333.91 ला. तीन वेगळ्या रांगा, कधी वेगळे मजले. एका रांगेत उभं राहून ‘इथे काही नाही’ म्हणणारे विद्यार्थी दोन तृतीयांश साहित्याला मुकतात. शिवाय हे आकडे दशांशाचे आहेत: 628.16 हे 628.2 च्या आधी येतं. ‘सोळा दोनापेक्षा मोठे’ या हिशोबाने पुढच्या कप्प्यात शोधू नका.

मराठी, संस्कृत ग्रंथ शोधताना लिपीचा घोळ होतो. अनेक ग्रंथालयांत त्यांच्या नोंदी रोमन लिपीत आणि ठरावीक लिप्यंतराने केलेल्या असतात. ‘ज्ञ’ तिथे जे-एन-ए असा लिहितात, आपण सवयीने डी-एन-वाय टाकतो आणि शून्य निकाल येतो. दोन्ही करून पाहा, आणि देवनागरीतही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभरेक वर्षं लाकडाच्या लगद्याच्या आम्लधर्मी कागदावर छापलेली पुस्तकं दुमडली की मोडतात. अशांची झेरॉक्स बहुधा देत नाहीत, मायक्रोफिल्म किंवा मायक्रोफिश देतात. फिश म्हणजे 105 × 148 मिलिमीटरचा पारदर्शक फिल्मचा तुकडा, त्यावर पानं 24 पट लहान करून साधारण 98 बसतात. वाचनयंत्र आधी राखून ठेवावं लागतं का, ते विचारा.

काउंटरवर जाताना ‘अमुक विषयावर काही आहे का’ असं विचारू नका. लेखक, लेखाचं शीर्षक, तो ज्यात छापलाय त्याचं नाव, खंड, वर्ष आणि पानं एका चिठ्ठीवर लिहून न्या. खंड तिथे नसेल तर त्याच चिठ्ठीवरून आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी भरता येते. एकाच लेखासाठी बांधीव खंड सहसा पाठवत नाहीत, लेखाची प्रत येते, म्हणून पानांचे आकडे चुकवू नका.