प्राध्यापकांच्या कामगिरीची नोंद लिहिताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या वार्तापत्रातलं प्राध्यापकांच्या कामगिरीचं सदर आता तुझ्याकडे आलं आहे. काम वरवर कारकुनी वाटेल. पण एकेका नोंदीमागे कुणाची पाच-सहा वर्षं असतात, आणि तीच ओळ पुढे बढतीच्या फायलीत, अनुदानाच्या अर्जात जशीच्या तशी उचलली जाते. म्हणून नोंद अशी हवी, की ती अनोळखी माणसालाही स्वतः पडताळून पाहता येईल.

माहिती मागवताना ‘आपली कामगिरी कळवावी’ असं मोघम लिहू नकोस. त्याला उत्तर म्हणून कुणाचा अख्खा बायोडेटा येतो, तर कुणाचं ‘एक पेपर आला’ एवढंच. नेमके रकाने दे: शीर्षक, सर्व लेखकांची नावं छापलेल्या क्रमाने, नियतकालिक किंवा प्रकाशक, प्रकाशनाची तारीख, डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), आणि काम आज कोणत्या टप्प्यावर आहे. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. लेख पाठवला, स्वीकारला गेला, ऑनलाइन आला, अंकात छापून आला या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता पाठवलेला लेख नोंदीत घेऊ नकोस. प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन टाकलेला मसुदा, घ्यायचा असेल तर ‘प्रीप्रिंट’ असं स्पष्ट लिही, कारण त्याचं अजून समकक्ष परीक्षण (त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांकडून तपासणी) झालेलं नसतं. ऑनलाइन आलेला लेख अंकात यायला कधी कधी वर्ष लागतं, त्यामुळे तोच लेख आपल्या वार्तापत्राच्या दोन अंकांत दोनदा झळकतो. पहिली ऑनलाइन तारीख धरायची आणि नोंद एकदाच घ्यायची, असा नियम आधीच जाहीर केलास की वाद होत नाहीत.

डीओआय नेहमी १० या आकड्याने सुरू होतो. प्रत्येक डीओआय स्वतः उघडून बघ. पानावरचं शीर्षक जुळतं का, लेखकांचा क्रम तोच आहे का, आणि लेखावर दुरुस्तीची किंवा लेख मागे घेतल्याची सूचना लागली आहे का, हे तिथेच कळतं. मागे घेतलेल्या लेखांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केली आहे, तीही चाळ. मात्र डीओआय म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. तो फक्त पत्ता आहे, आणि हलक्या प्रतीच्या नियतकालिकांनाही तो मिळतो.

आयएसबीएनमध्ये टायपिंगच्या चुका फार होतात, पण त्या घरबसल्या पकडता येतात. १३ आकडे घे. पहिल्याला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने असं आळीपाळीने गुणत जा आणि सगळं मिळव. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ९७८-०-३०६-४०६१५-७ हा क्रमांक तपासून बघ: पहिल्या बारा आकड्यांची बेरीज ९३ येते, शेवटचे ७ मिळवले की १००. एखादा आकडा चुकला असेल तर भाग जाणार नाही. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तर बहुतेकदा कळतं. त्या दोघांत ५ चा फरक असला तर मात्र नाही. आणखी एक: पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-बुक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, म्हणून तीन क्रमांक आले तरी पुस्तकं तीन झाली असं धरू नकोस.

लेखकांच्या नावांशी सगळ्यात जास्त खेळ होतो. आपल्या प्राध्यापकाचं नाव पुढे ओढून बाकीच्यांना ‘व इतर’ मध्ये ढकलायचा मोह होतो. तसं कधीही करू नकोस. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमाने येतात, तिथे पहिलं असण्याला काही अर्थ नाही. जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. अ‍ॅटलस आणि सीएमएस या भौतिकशास्त्रज्ञांच्या दोन मोठ्या गटांच्या, हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या लेखाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी लेखाची पानं फक्त ९, बाकी नावं आणि संस्था. अशा ठिकाणी ‘आपल्या प्राध्यापकाने शोध लावला’ हे वाक्य खोटं ठरतं. त्यांना सरळ विचार: तुमचा वाटा कोणता होता? उपकरण बांधलं, विदा (डेटा) तपासली की लेखन केलं? क्रेडिट नावाच्या वर्गीकरणात अशा १४ भूमिका दिल्या आहेत, त्यांतली नेमकी निवडून घे. सहलेखकांत विद्यार्थी असतील तर त्यांची नावं पूर्ण यायलाच हवीत. या बाबतीत कुणाचीही गय करू नकोस.

आता नोंदीची भाषा. तुझ्याकडे असा मजकूर येईल: ‘कर्करोगावर प्रभावी उपाय शोधणारे क्रांतिकारी संशोधन, इम्पॅक्ट फॅक्टर अमुक.’ मूळ लेखाचा सारांश उघडलास, तर दिसेल की प्रयोग उंदरांवर झाला आणि गाठीची वाढ मंदावली. मग लिही: ‘या संयुगामुळे उंदरांमधील गाठीची वाढ मंदावते, असे या लेखात दाखवले आहे, माणसांवर चाचणी झालेली नाही.’ ओळ बेताची वाटते, पण ती टिकते. इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाक. तो नियतकालिकाच्या लेखांना इतरांच्या लेखनात मिळालेल्या संदर्भांची सरासरी सांगतो, या लेखाबद्दल काहीच सांगत नाही. थोड्या लेखांनाच भरपूर संदर्भ मिळतात आणि सरासरी वर जाते. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या ‘डोरा’ जाहीरनाम्याचा मुख्य आग्रहही हाच आहे.

कलेच्या आणि साहित्याच्या नोंदींकडे दुर्लक्ष होतं, आणि ते मला मनापासून खटकतं. शोधनिबंधाला पाच ओळी आणि चित्रप्रदर्शनाला ‘प्रदर्शन भरवले’ एवढे दोनच शब्द, हा अन्याय आहे. चित्रासाठी विचार: प्रदर्शन एकल की सामूहिक, दालन कोणतं, कोणत्या तारखांना, कलाकृतींची निवड कुणी केली, माध्यम आणि आकार काय (उंची आधी, रुंदी नंतर). संगीतरचना असेल तर वाद्यं कोणती, कालावधी किती मिनिटांचा, पहिला प्रयोग कधी झाला, सादर कुणी केला. अनुवाद असेल तर मूळ लेखक, मूळ भाषा आणि प्रकाशक. नाटकात दिग्दर्शन, नेपथ्य आणि प्रकाशयोजना या वेगळ्या कामगिऱ्या आहेत. लघुपट महोत्सवाला पाठवणं, त्याची निवड होणं, तो दाखवला जाणं आणि त्याला पुरस्कार मिळणं यांची सरमिसळ करू नकोस. निवड ज्यूरीने केली की क्युरेटरने आमंत्रण दिलं, ही माहिती इथे समकक्ष परीक्षणाच्या जागी उभी राहते.

पुरस्काराबाबत एकच प्रश्न बहुतेक काम करून जातो: तो स्वीकारण्यासाठी शुल्क भरावं लागलं का? उत्तर ‘हो’ असेल तर नोंद घेऊ नये. पेटंटमध्ये अर्ज, अर्जाचं प्रकाशन आणि मंजुरी हे तीन टप्पे आहेत. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, तेव्हा ‘पेटंट प्रकाशित’ म्हणजे ‘पेटंट मिळालं’ नव्हे. अनुदान अनेक संस्थांचं मिळून असेल तर एकूण रक्कम आणि आपल्या विद्यापीठाचा वाटा दोन्ही छाप.

कधीतरी एखादे ज्येष्ठ प्राध्यापक, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकातला लेख पाठवतील. कधी संकेतस्थळ नामवंत नियतकालिकाची हुबेहूब नक्कल असेल. अशा वेळी आठ आकडी आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) आणि प्रकाशकाचं नाव अधिकृत नोंदीशी जुळवून बघ. नाकारायची वेळ आली तर चारचौघांत विषय काढू नकोस. लेखी निकष दाखवून एकट्याला भेटून सांग. ते फसवले गेले असण्याचीही शक्यता असते.

नोंदी आडनावाच्या क्रमाने लाव, पदाच्या नव्हे. छपाईआधी प्रत्येकाला फक्त त्याची नोंद पाठव आणि तीन दिवस दे. नावाचं देवनागरी लेखन त्यांच्याकडूनच तपासून घे. जे काही पाठवत नाहीत त्यांना दोनदा आठवण कर. ग्रंथालयाच्या नव्या पुस्तकांच्या यादीवरही नजर टाक, कारण वर्षानुवर्षं एका ग्रंथावर काम करणारी माणसं स्वतःहून सहसा कळवत नाहीत. इतकं करूनही चूक राहिलीच तर पुढच्या अंकात त्याच सदराच्या सुरुवातीला दुरुस्ती छाप, आणि संकेतस्थळावरची नोंद तारीख टाकून बदल.

तुझा शुभचिंतक