वनस्पती सर्वेक्षणाचे हंगामी काम स्वीकारावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरमध्ये वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण झाले आहे, वन्यप्राण्यांचा अधिवास सुधारण्याच्या एका प्रकल्पात वनस्पतींची पाहणी करण्याचे चार महिन्यांचे काम मिळण्यासारखे आहे, घरच्यांचा आग्रह मात्र बी.एड.चा आहे; तर हे काम प्रत्यक्षात कसे असते आणि ते स्वीकारावे का? मीही इंदूरचीच आहे आणि रतलाम व धार जिल्ह्यांतील कुरणांत सहा पावसाळे हेच काम केले आहे. माझे उत्तर असे, की जरूर स्वीकारा, पण निदान दोन हंगाम करता येतील अशी तयारी ठेवून, आणि हे प्राणी पाहण्याचे काम आहे ही समजूत आधीच बाजूला ठेवून.

आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण सैलान्याचे आहे. रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर ही दोन्ही अभयारण्ये १९८३ मध्ये तणमोरासाठी घोषित झाली. मध्य प्रदेशात या पक्ष्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात तो विणीसाठी या कुरणांत येतो, नर गवतावरून वर दिसेल अशी उडी पुन्हा पुन्हा मारतो, आणि मादी जमिनीवरच अंडी घालून एकटीच उबवते. जागतिक यादीत २०२१ पासून तो अतिसंकटग्रस्त आहे. नराला उडी दिसेल इतके बुटके गवत हवे, मादीला घरटे झाकेल इतके दाट गवत हवे, आणि दोन्ही एकाच कुरणात हवे. कुठल्या तुकड्यात काय आहे हे कोणीतरी गुडघे टेकून मोजल्याशिवाय समजत नाही, आणि तेच आपले काम. सहा हंगामांत मी नराची उडी चार वेळा पाहिली; गवत मोजण्यासाठी जमिनीवर आखलेल्या चौकटी मात्र काही हजार तरी भरल्या असतील.

पद्धत वर्गात शिकलेलीच असते. झाडांसाठी बहुधा दहा मीटरचा चौरस, झुडपांसाठी तीन किंवा पाच मीटरचा आणि गवतासाठी एक मीटरची चौकट घेतात. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. चौकटीत कोणती जात किती आहे, किती जमीन झाकलेली व किती उघडी आहे, गवताची उंची किती, गुरांच्या किंवा हरणांच्या चरण्याच्या खुणा व लेंड्या आहेत का, हे सर्व लिहायचे असते. काही चौकटींतील गवत जमिनीलगत कापून कागदी पिशवीत भरतात आणि वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलतात, कारण ओल्या गवताच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असू शकते आणि त्यावरून चाऱ्याचा हिशेब मांडता येत नाही.

अवघड भाग निराळाच आहे. पहिल्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोरी टाकून दर पन्नास मीटरला चौकट मांडत होतो. सातवी खूण नेमकी गाजर गवताच्या दाट पट्ट्यात आली आणि दोन पावलांवर पवन्या, म्हणजे गुरांचे आवडते बारमाही गवत, सुंदर फुललेला होता. मी चौकट तिकडे सरकवली. सोबत आलेल्या वयस्क वनरक्षकांनी एवढेच विचारले, की दोरीवरची खूण तर इकडे आहे, मग चौकट तिकडे कशी? माझ्याजवळ उत्तर नव्हते. चौकट परत मांडली, आणि संध्याकाळी वही तपासली तेव्हा लक्षात आले, की आधीच्या सहापैकी दोन चौकटीही मी अशाच सरकवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही पुन्हा भरल्या. प्रत्येक वेळी दोन पावले सरकत गेले तर कुरण कागदावर चांगले दिसते, तण काढण्यासाठी जेवढी माणसे हवीत तेवढी मागितली जात नाहीत, आणि पुढच्या वर्षी तिथे गाजर गवत वाढलेले असते. म्हणून रिकामी चौकट, दगडावर पडलेली चौकट, नुसत्या टाकळ्याने भरलेली चौकट, सगळ्या जशाच्या तशा लिहायच्या. माझ्या मते या कामात याहून महत्त्वाचे कौशल्य दुसरे नाही.

त्यानंतरचे कौशल्य गवत ओळखण्याचे, आणि एम.एस्सी. झालेली बहुतेक मुले इथेच अडखळतात, कारण गवताची ओळख मुख्यतः त्याच्या फुलोऱ्यावरून शिकवली जाते आणि सर्वेक्षण मात्र पुष्कळदा फुलोरा येण्यापूर्वीच सुरू होते. मारवेल, म्हणजे डायकॅन्थियम अॅन्युलेटम, फुलावर नसतानाही ओळखता येते: काडी बोटांत धरून पेर पाहिले तर त्याभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे असते, दव असेल तर ते अधिकच उठून दिसते. रोशा गवताचे पान चुरगाळले की सुगंध येतो. कुसळीची कुसे पिकल्यावर एकमेकांत पिळून त्यांचे झुबके होतात आणि ती मोज्यांतून पायात शिरतात. ही ओळख का हवी, तर चराई बेसुमार वाढली की पवन्यासारखी बारमाही, चवदार गवते मागे पडतात, मग कुसळी वाढते, आणि शेवटी निकस हंगामी गवते उरतात. कुरण या उताराच्या कोणत्या पायरीवर आहे, हे जातींच्या यादीवरूनच कळते. दुरून तिन्ही पायऱ्या सारख्याच हिरव्या दिसतात.

गावातल्या माणसांकडून नावे अवश्य शिका. आपण घरी जिला घाणेरी म्हणतो तिला तिकडे रायमुनिया म्हणतात, राखून ठेवलेल्या कुरणाला बीड म्हणतात. आमच्याबरोबर येणाऱ्या भिल्ल बायका, गुरे कोणते गवत आधी खातात आणि कोणते भूक अनावर झाल्यावरच खातात, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमके सांगत असत.

हंगामाचे वेळापत्रक समजून घ्या. आपल्याकडे गवत ओळखण्यास सर्वांत सोयीचा काळ ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, कारण तेव्हा फुलोरा असतो आणि कापणी सुरू झालेली नसते. परंतु तणमोराची वीणही याच काळात येते. आम्ही नर दिसलेल्या भागाला वळसा घालून बाहेरची कुरणे आधी मोजत असू आणि तो भाग पक्षी निघून गेल्यावरच हाती घेत असू. त्यामुळे काही चौकटींत कुसे गळून गेलेली असत आणि ओळख पटवणे कठीण जाई. ती अडचण सोसली पाहिजे. आपल्या प्रकल्पाचे वेळापत्रक घरट्यांचा विचार न करता आखलेले असेल, तर रुजू होण्यापूर्वीच त्याविषयी बोला.

या आकड्यांचे पुढे काय होते, हेही सांगते, कारण घरी समजावताना आपल्याला त्याचा उपयोग होईल. मध्य प्रदेशातील कूनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आले, हे सर्वांना ठाऊक आहे. मूळ तयारी गीरच्या सिंहांसाठी होती, त्यासाठी तिथून २४ गावे हलवली गेली, आणि त्या गावांच्या पडलेल्या शेतांवर कुरणे तयार झाली, हे मात्र कमी लोकांना माहीत असते. चित्त्याआधी चितळ हवे आणि चितळाआधी गवत हवे. एप्रिल २०२५ मध्ये गांधीसागर अभयारण्यात चित्ते सोडले गेले, तिथेही प्रश्न हाच आहे. उलट बाजूही आहे: कुरणाला पडीक जमीन समजून त्यावर खड्डे खोदून झाडे लावली जातात आणि त्याला हरितीकरण म्हटले जाते. उघड्या माळावर राहणाऱ्या पक्ष्याला सावली नको असते. अशा वेळी ‘इथे इतक्या चौरस मीटरांत बारमाही गवताच्या इतक्या जाती आहेत’ हे सांगणारा तक्ता असेल, तरच रोपवन दुसरीकडे हलवण्याची मागणी करता येते.

पैशाविषयी स्पष्ट लिहिते. केंद्रीय निधीच्या संशोधन प्रकल्पात कनिष्ठ संशोधन अधिछात्र म्हणून निवड झाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पण हंगामी क्षेत्रसहायकाचे मानधन त्याच्या बरेच खाली असते आणि हंगाम संपला की थांबते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि जबलपूरची राज्य वन संशोधन संस्था यांच्या जाहिरातींवर नियमित लक्ष ठेवा. नेमणुकीचे पत्र लेखी घ्या. त्यात प्रवासखर्च, मुक्काम, अपघात विमा आणि शेवटी मिळणारे अनुभव प्रमाणपत्र यांचा उल्लेख असलाच पाहिजे. एका प्रकल्पात मी हे विचारले नव्हते आणि दोन महिन्यांचा प्रवासखर्च मला कधीच मिळाला नाही.

आईवडिलांची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावू नका. कुरणात एकटीने कधीच जायचे नाही. काळ्या मातीत पावसानंतर पाऊल रुतते आणि घसरते, म्हणून घोट्याच्या वरपर्यंतचे बूट हवेत. घोणसही याच गवतात असते, तेव्हा हात घालण्यापूर्वी काठीने गवत बाजूला करायचे, आणि सर्पदंशावरील प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय कोणते हे पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यायचे. वीज कडाडू लागली की माळावर थांबायचे नाही. गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होऊ शकतो. ताप आला तर डॉक्टरांना कुरणात काम करत असल्याचे आवर्जून सांगा. मुक्कामाच्या जागी दार आतून बंद होते का आणि शौचालय आहे का, हे विचारण्यात संकोच नको. मी पहिल्या वर्षी संकोचाने विचारले नाही आणि पंधरा दिवस पाणी कमी पीत राहिले.

बी.एड. पुढच्या वर्षीही करता येते. दोन हंगामांनंतर मात्र थांबून विचार करा, की पीएच.डी., वनसेवेची परीक्षा की अध्यापन. कारण हंगामी कामावर हंगामी काम घेत राहिल्याने वय वाढते, पद वाढत नाही. एरवी उत्तम असलेले माझे दोन सहकारी असेच अडकलेले मी पाहिले आहेत.

रुजू होण्याआधी एक सराव करा. बायपासजवळ किंवा वसाहतीत कुठेही मोकळा भूखंड असेल, तिथे मालकाला विचारून चार काठ्या आणि सुतळीने एक मीटरचा चौरस आखा आणि दर रविवारी त्याच चौरसातील प्रत्येक रोप मोजा. ज्याचे नाव येत नाही त्याला ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’ असे लिहा, शेजारच्या तशाच रोपाची एक काडी वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि फुलोरा आला की जुन्या पानावर जाऊन नाव भरा. दसऱ्यापर्यंत त्या वहीतील किती ‘अज्ञात’ नावांनिशी झाले ते मला इथे कळवा. जे उरतील ते आपण दोघी मिळून ओळखू.